१०० च्या पाटीखाली गाड्या नक्की किती पळतात? काटा, जीपीएस आणि कॅमेरा

पाटीवाचक (प्रश्न)

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला सपाटीला १०० आणि बोरघाटात ६० ची मर्यादा. पाट्या जागोजागी आहेत, २०२४ पासून कमानींवर कॅमेरेही आलेत. तरी मधल्या लेनमध्ये काटा बरोबर १०० वर धरून चाललं की डावीउजवीकडून गाड्या सुटतच असतात. ‘दहा वर चालतं’, ‘एकशे दहापर्यंत कोणी विचारत नाही’, ‘काटा तसाही खोटंच बोलतो’ ही तीन वाक्यं ज्याच्या त्याच्या तोंडी असतात आणि तिन्ही एकाच दमात बोलली जातात.

लोक मर्यादेच्या वर जातात म्हणजे नक्की किती वर जातात, आणि ते मोजायचं कशाने? काट्यावर ११० असताना रस्त्यावर किती असतात? कॅमेरा त्यातलं काय धरतो? समृद्धीवर मुळातच १२० ची सोय आहे, तिथे लोक मर्यादेत राहतात की तिथेही वर दहा? गाडी सावकाश चालवावी हे मान्यच आहे, तेवढं सोडून आकड्यांत कोणी सांगेल का?

काट्यामागे

आधी काट्याचा हिशोब उरकू, कारण ‘वर किती’ या वादातला अर्धा घोळ तिथेच आहे.

स्पीडोमीटरला खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायची मुभा नाही. जास्त दाखवायची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९ क्रमांकाचा नियम असा: दाखवलेल्या वेगातून खरा वेग वजा केला तर उत्तर शून्याखाली जाता कामा नये, आणि खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ यापेक्षा मोठं येता कामा नये. म्हणजे गाडी खरोखर १०० ने चालली असेल तर काटा १०० ते ११४ मध्ये कुठेही असला तरी नियमात बसला. खऱ्या ८० ला ८० ते ९२. कंपन्या ही मोकळीक पुरती वापरत नाहीत. बहुतेक गाड्यांत काटा १०० वर असताना खरा वेग ९४ ते ९७ च्या घरात निघतो. त्यामुळे काट्यावर ११० म्हणजे रस्त्यावर साधारण १०४ ते १०६. ‘दहा वर’ म्हणणारा प्रत्यक्षात पाचेक वर असतो.

पण हे मूळ टायर असताना. १८५/६५ आर १५ टायरचा व्यास ६२१.५ मिमी. तिथे कोणी २०५/६५ आर १५ चढवला की व्यास ६४७.५ मिमी, म्हणजे ४.२ टक्के जास्त. चाकाच्या एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. आता काट्यावर ११० असताना रस्त्यावर ११० च्या आसपासच आहेत. काट्याने दिलेली सगळी सूट टायरवाल्याकडे जमा झाली.

उलटंही होतं. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते आणि कायद्याने १.६ मिमीवर टायर बाद. दोन्ही बाजू धरून व्यास १२.८ मिमीने घटतो, जवळपास २ टक्के. म्हणून गुळगुळीत झालेले टायर काढून त्याच मापाचे नवे बसवले तरी त्याच काट्यावर खरा वेग २ किमीने वाढलेला असतो. नवीन टायर घातल्यावर ‘गाडी हलकी पळतेय’ असं वाटण्यात याचा थोडा वाटा असावा.

तपासायचं असेल तर तीन मार्ग. फोनचं जीपीएस: सपाट, सरळ, मोकळ्या आकाशाखाली वेग २०-३० सेकंद स्थिर ठेवायचा आणि आकडा शेजारच्याने वाचायचा. वेग बदलत असताना जीपीएस सेकंद-दोन सेकंद मागे असतं, आणि भाताण, माडप, कामशेतच्या बोगद्यांत त्याच्यावर भरवसा ठेवू नये. दुसरा जुना मार्ग किलोमीटरच्या दगडांचा. १ किमीला ३६ सेकंद लागले तर १००. एक किमी मोजू नका, पाच मोजा; ५ किमीला १८० सेकंद यायला हवेत. काटा १०० वर ठेवून १८८ सेकंद लागले तर खरा वेग ९५.७. पाच किमीत एका सेकंदाची चूक झाली तरी फरक अर्ध्या किमीचाच पडतो. तिसरा, ओबीडी सॉकेटला (गॅरेजवाले गाडीचा संगणक तपासायला वापरतात ते) लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर. गाडीच्या संगणकाकडचा आकडा काट्यापेक्षा बहुधा ३-५ ने कमी दिसतो. फुगवटा असतो तो डॅशबोर्डवर दाखवताना घातलेला; किमी मोजणारा ओडोमीटर बऱ्याच गाड्यांत जवळजवळ बरोबर चालतो.

ट्रकच्या_मागे

वरच्याला +१. पण ‘सगळेच वर जातात’ हे गृहीतक तपासून बघा. एक्सप्रेसवेच्या एकाच कमानीखालून तीन वेगळ्या जमाती जातात.

पिवळ्या पाटीच्या टॅक्स्यांना वेगनियंत्रक असतो, ८० ला बांधलेला. तो शाबूत असेल तर ड्रायव्हरने पाय जमिनीला लावला तरी गाडी ८० च्या पुढे जात नाही. ट्रकला मर्यादा ८० आणि नियंत्रकही ८० चा. टँकर आणि डंपरला ६० चा. हे लोक सपाटीवर मर्यादा मोडू शकत नाहीत, मोडतात ती घाट उतरताना, कारण नियंत्रक इंधन रोखतो, उतार नाही रोखत. चढावर हीच मंडळी २०-३० ने रांगतात. उरल्या खासगी गाड्या. त्यातल्या मधल्या लेनच्या काट्यावर १०० ते ११५ आणि उजव्या लेनमध्ये डिपर मारत जाणाऱ्या काट्यावर १२० ते १४०. उजवीकडच्या संख्येने थोड्या असतात, पण आठवणीत त्याच राहतात, म्हणून ‘सगळे १३० ने जातात’ असं वाटतं.

१ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक कारमध्ये ८० ला अधूनमधून आणि १२० ला सलग वाजणारी घंटी आहे. ८० ची घंटी एक्सप्रेसवेवर पूर्ण वेळ अधूनमधून वाजत असल्यामुळे कानाला तिची सवय होऊन जाते. १२० ची मात्र खुपते. १०० च्या रस्त्यावर कित्येक काटे ११८ च्या आसपास अडकलेले दिसतात त्यामागे पाटी कमी आणि ही घंटीच जास्त असावी, असा माझा कयास. (घंटीची वायर काढून देणारेही आहेत. काही गाड्यांत त्याच वाटेवर सीटबेल्टची सूचनाही असते, तीही जाते.)

पण तुमचा प्रश्न थोडा चुकीच्या जागी आहे असं वाटतं. १०० वर ११० म्हणजे दहा टक्के. लोक टक्क्यांत सगळ्यात जास्त वर जातात ते कमी मर्यादेच्या जागी: घाट, रॅम्प, रस्त्याच्या कामासाठी दिलेलं वळण, गावाच्या तोंडचा ४० चा पट्टा. अटल सेतूवर कारला १०० आणि चढ-उताराच्या रॅम्पवर ४०. शंभराने आलेल्या माणसाला ६५ म्हणजे थांबल्यासारखं वाटतं, आणि तो ६५ ने रॅम्पवर वळतो. मर्यादेच्या वर २५, म्हणजे ६२ टक्के. वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, तेव्हा ४० च्या तुलनेत २.६ पट. तिथे कॅमेरा असो नसो.

खांबावरून

कॅमेऱ्याचं सांगतो, कारण ‘किती वर चालतं’चा खरा अर्थ ‘किती वर धरत नाहीत’ असा असतो.

तिथल्या तिथे वेग मोजणारं यंत्र रडारचं किंवा लेझरचं. रस्त्याकडेच्या इंटरसेप्टरमधली (वेग तपासणाऱ्या पोलीस गाडीतली) गन थोडी तिरकी धरलेली असते. त्या कोनामुळे वेग खऱ्यापेक्षा कमी भरतो, जास्त नाही. गाडी १०० मीटरवर आणि गन रस्त्याच्या कडेला ५ मीटरवर असेल तर फरक नगण्य. तीच गाडी २० मीटरवर मोजली तर १०० चे ९७ दिसतात. ‘गन तिरकी होती म्हणून जास्त आलं’ हा बचाव भूमितीतच बसत नाही. दोन गाड्या जवळजवळ असताना कुठल्या गाडीचा वेग कुठल्या नंबरवर चिकटला, हा मुद्दा मात्र खरा असू शकतो. फोटोत दोन गाड्या असतील तर तो बघावा.

एक्सप्रेसवेच्या यंत्रणेत दुसरा प्रकारही आहे: सरासरी वेग. पहिल्या खांबाने नंबर वाचला, वेळ लिहिली. पुढच्या खांबाने तोच नंबर वाचला. अंतराला वेळेने भागलं. १० किमीला १०० च्या मर्यादेत बरोबर ६ मिनिटं लागतात. साडेपाच मिनिटांत पोचलात तर सरासरी १०९, मग मधे खांब दिसल्यावर कितीही ब्रेक मारले असोत.

‘शेवटी हळू जाऊन भरून काढू’ म्हणणाऱ्यांसाठी गणित: १० पैकी ७ किमी १२० ने मारले तर २१० सेकंद गेले. उरलेले ३ किमी ७५ ने काढले तर आणखी १४४. एकूण ३५४ सेकंद, सरासरी १०१.७. अजून वरच. बरोबर १०० वर यायला ते ३ किमी ७२ ने जावे लागतील. एक्सप्रेसवेच्या मधल्या लेनमध्ये ७२ ने जाणं हा स्वतंत्र उपद्रव आहे.

एका जागी मोजणाऱ्या खांबाखाली काय होतं ते कुठल्याही दुपारी दिसतं. २०० मीटर आधी ब्रेकच्या दिव्यांची लाल माळ, काटा ९५, खांब मागे पडला की पुन्हा ११५. मागचा ट्रक त्या ब्रेकसाठी तयार नसतो. सरासरीची जोडी म्हणूनच बरी. ती खांबाखालचं नाटक मोजत नाही.

रोजचा_प्रवासी

इतका कीस काढायची गरज नाही. १० टक्के सूट असतेच. ११० पर्यंत बिनधास्त जावं, मी तरी हेच सांगेन.

कलम_वाचा

@रोजचा_प्रवासी, अहो, ती सूट कुठल्या कलमात आहे ते सांगा. मोटार वाहन कायद्याचं ११२ वं कलम सांगतं की कमाल मर्यादेच्या वर चालवायचं नाही. १८३ वं कलम दंड सांगतं: हलक्या वाहनाला १००० ते २०००, मध्यम आणि अवजड वाहनाला २००० ते ४००० रुपये. महाराष्ट्रात कारला २००० चं चलान येतं. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. त्यात ‘दहा टक्के’ कुठेही नाही. यंत्र किती वरून चलान फाडायला लावलंय ही यंत्रणा चालवणाऱ्यांची मांडणी. आज जी आहे ती उद्या तशीच असेल, असं कोणी लिहून दिलेलं नाही. कॅमेऱ्याच्या कृपेवर वेग ठरवायचा असेल तर निदान काट्याची चूक आणि कायद्याची सूट यांची गल्लत करू नका. ‘११० ला चलान आलं नाही’ याचं कारण बहुतेक वेळा वर @काट्यामागे यांनी दिलंय: ते ११० नव्हतेच, १०५ होते.

कमाल मर्यादा केंद्राची, कमी करायचा अधिकार राज्याचा. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत द्रुतगती मार्गावर कारला १२०, बसला १००, मालवाहू गाडीला ८०. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००. त्याच्या आत राज्य सुरक्षिततेसाठी आकडा खाली आणू शकतं, मात्र राजपत्रात छापून आणि रस्त्यावर पाटी लावून. म्हणून समृद्धीवर १२० आणि मुंबई-पुण्यावर १००, दोन्ही कायदेशीर.

१८३ मधली दोन पोटकलमं सहसा कोणी वाचत नाही. पोलिसाने नुसत्या डोळ्यांनी ‘फार वेगात होता’ म्हटलं, तर तेवढ्या एका साक्षीवर शिक्षा होत नाही, यंत्राचा आधार लागतो. आणि मालकाने असं वेळापत्रक छापलं किंवा हुकूम दिला, जो वेग मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही, तर तो कागदच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. रात्रीच्या लक्झरी बसवाल्यांनी आणि ‘इतक्या तासांत माल पोच’वाल्यांनी हे भिंतीवर लावून ठेवावं.

चलान आल्यावर बघायचं ते: फोटोतला नंबर आपलाच का, जागा कुठली, नोंदलेली मर्यादा त्या जागेची आणि आपल्या वाहनप्रकाराची आहे का. कारला मालवाहू गाडीची मर्यादा लागली असेल तर ती चूक फोटो पाहताच कळते. महाट्रॅफिक ॲपमध्ये फोटोसकट तक्रार टाकता येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७ अ प्रमाणे यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण लागतं, कॅमेरा असल्याची पाटी लागते आणि गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस द्यावी लागते. आधी हे चार मुद्दे बघा, मग ‘मी एवढ्या वेगात नव्हतोच’ म्हणा.

ट्रकच्या_मागे

११० ‘बिनधास्त’ म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. समोर अचानक काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरू, कोरडा रस्ता, चांगले टायर.

१०० ला: दीड सेकंदात ४२ मीटर, मग ब्रेकवर ५५. एकूण ९७ मीटर.
११० ला: ४६ अधिक ६७. एकूण ११३.
१२० ला: ५० अधिक ७९. एकूण १२९.

आता ९७ मीटरवर बंद पडलेला ट्रक आहे असं समजा, टेललाइट नसलेला. एक्सप्रेसवेवर रात्री यासाठी फार कल्पनाशक्ती लागत नाही. १०० वाला ट्रकला टेकून थांबतो. ११० वाला त्याच जागी ५३ च्या वेगात आदळतो. १२० वाला ७७ च्या. वरच्या दहाची किंमत धडकेत दहा नसते. सुरुवातीला जो वेग जास्त होता त्याची सगळी ऊर्जा शेवटच्या काही मीटरसाठी शिल्लक राहते.

ओल्या रस्त्यावर हे आकडे आणखी वाईट. पावसाळ्यात खंडाळ्याच्या धुक्यात ५० मीटरसुद्धा दिसत नाही तेव्हा ६० ची पाटीही जास्तच.

काट्यामागे

समृद्धीचं राहिलं. नागपूर ते आमणे ७०१ किमी. शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. रस्त्याची रचना १५० च्या वेगाची, पाटी १२० ची. वळणं इतकी मोठी आहेत की १२० ला गाडी रेंगाळल्यासारखी वाटते. मुंबई-पुण्यावर रहदारीच तुम्हाला अडवते, तिथे अडवणारं काही नाही. त्यामुळे काट्यावर १३०-१४० सहज होतात, बऱ्याचदा ड्रायव्हरच्या लक्षातही न येता.

मिळतं काय? ७०१ किमी सलग १२० ने ५ तास ५० मिनिटं, १३० ने ५ तास २४ मिनिटं. वाचली २६ मिनिटं, तीही कुठेही न थांबता. चहा-नाश्त्याच्या एका थांब्यात गेली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १२० वरून १३० ला १७ टक्के, त्यामुळे टाकी आधी रिकामी होऊन पंपावरचा थांबा वाढला तर तेवढंही नाही.

तिथे टायर फुटतात त्याचं खापर काँक्रीटवर फोडतात. साध्या कारच्या टायरवर एस, टी किंवा एच असं अक्षर असतं: अनुक्रमे १८०, १९० आणि २१० किमीपर्यंत. म्हणजे १३० ला टायर आपणहून हरत नाही. हरतो तो हवा कमी असल्यामुळे. बाजूची भिंत प्रत्येक फेरीत वाकते, तापते, आणि तासन् तास एकाच वेगाने ती थंड व्हायला वेळ मिळत नाही. हवा सकाळी गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर पूर्ण भाराचा आकडा बघायचा, रोजचा नाही. टायरच्या बाजूवर ‘DOT’ ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी इतका जुना टायर घेऊन समृद्धीला जाऊ नका.

पाटीवाचक

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त मिळालं. दोन उपप्रश्न. घाटात पुण्याहून उतरताना ६० वर गाडी धरणं कारला अवघड का जातं, क्रूझ कंट्रोल लावलं तर? आणि राज्यमार्गावरच्या गावात, शाळेसमोर ४० ची पाटी आहे तिथे लोक किती वर जातात हे ग्रामपंचायतीला दाखवायचं असेल तर गनशिवाय मोजता येईल का?

ट्रकच्या_मागे

घाटाचं मी घेतो. ५ टक्के उतारावर कार न्यूट्रलमध्ये सोडली तर टायरचा आणि हवेचा विरोध वजा जाऊनही ६० चा वेग दहा सेकंदांत ८-९ किमीने वाढतो. टॉप गिअरमध्ये थोडा कमी, पण वाढतोच. कानाला इंजिनचा आवाज वाढत नाही, म्हणून कळत नाही. साधं क्रूझ कंट्रोल इथे निरुपयोगी: ते इंधन बंद करतं, ब्रेक लावत नाही, काटा ६० वर लावून गाडी ७२ ला गेलेली असते. समोरच्या गाडीचं अंतर राखणारं क्रूझ ब्रेक लावतं, पण सतत तेच लावत राहिलं तर डिस्क तापतात.

उपाय जुनाच. घाट सुरू व्हायच्या आधी तिसरा, काही गाड्यांत चौथा. एक्सलरेटर सोडल्यावर वेग ६० च्या आसपास आपोआप टिकेल तो गिअर आपला. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल किंवा एल वर. ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबून ५५ पर्यंत आणायचा आणि सोडायचा, पाय टेकवून ठेवायचा नाही. टेकवून ठेवला की पॅड तापतात, करपल्याचा वास येतो, पेडल लांब जातं. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे ट्रक याच पायरीने जातात. आपल्या आरशात अवजड गाडी वेगाने मोठी होताना दिसली तर ६० ची पाटी धरून लेन अडवू नका, बाजूला व्हा.

खांबावरून

गावचं मोजणं फोनने होतं. टेपने रस्त्याच्या कडेला ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना चुन्याची रेघ. फोन तिवईवर, रस्त्याला काटकोनात, शक्य तितका लांब, दोन्ही रेघा चौकटीत येतील असा. ३० फ्रेमचा व्हिडिओ. पुढचं चाक पहिल्या रेघेवर ते दुसऱ्या रेघेवर, मधल्या फ्रेम मोजायच्या. ६० ला ५० मीटरला ३ सेकंद, म्हणजे ९० फ्रेम. एक फ्रेम चुकली तर टक्काभर फरक. अंतर १० मीटरच ठेवलंत तर १८ फ्रेम, आणि एका फ्रेमची चूक साडेपाच टक्क्यांची. बहुतेक जण इथेच फसतात.

फक्त मोकळ्या गाड्या घ्या. जिच्यापुढे पाच-सहा सेकंदांचं अंतर आहे तीच स्वतःच्या मर्जीने पळते. रांगेतली गाडी पुढच्याचा वेग सांगते, स्वतःचा नाही. दुचाकी, कार, एसटी-ट्रक वेगळे लिहा. प्रत्येकी किमान शंभर. शाळा सुटायच्या वेळी एकदा, रात्री ९ नंतर एकदा. पिवळं जॅकेट घालून उभे राहू नका, सगळे ४० वर येतील.

शंभर आकडे लहान ते मोठे लावा आणि ८५ वा वाचा. रस्ते-अभियंते हाच आकडा विचारतात, सरासरी नाही. समजा तो ६२ आला, तर पाटी बदलून काही होणार नाही. रस्ता ६० चाच बनवलाय आणि त्यावर ४० चिकटवलंय. मग मागणी गतिरोधकाची करा, आणि ती इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या मापाने: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, २५ च्या वेगासाठी. ठेकेदार डांबराचा हातभर रुंद उंचवटा टाकून जातो. त्यावर हळू गेलेली गाडी खालून घासते आणि ७० ने गेलेली अलगद उडून जाते, त्यामुळे लोक मुद्दाम वेग वाढवतात.

काट्यामागे

@खांबावरून, एक भर. रेघा पलीकडच्या कडेला आखल्या आणि गाडी अलीकडच्या लेनमध्ये असेल तर ती ५० मीटरपेक्षा कमी अंतर कापूनच दोन्ही रेघांसमोर येते, आणि वेग फुगून दिसतो. फोन जवळ ठेवला तर हा फरक १५-२० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून दोन्ही लेनसाठी रेघा वेगळ्या, रस्त्यावर आडव्या ओढलेल्या हव्यात. ग्रामपंचायतीत तो व्हिडिओ न्याल तेव्हा समोरचा अभियंता पहिला प्रश्न हाच विचारेल.

पाटीवाचक

आडव्या रेघा ओढायच्या तर रहदारी थांबवावी लागेल. पहाटे ५ ला बघतो. टेप ३० मीटरचीच आहे, दोनदा लावून चालेल ना?

खांबावरून

चालेल. २५-२५ चे दोन भाग करा, मधे खिळा ठोकून.